पाहुण्यांनी सोडलेल्या नोकऱ्या

माझ्या मावशीच्या घरात विकत आणलेली वस्तू शोधावी लागते. भिंतीवरचं घड्याळ एका वाहतूक कंपनीचं, छत्री दुसरीची, थर्मास तिसरीचा, आणि बाथरूममधल्या टॉवेलवर जिचं नाव आहे ती कंपनी तर केव्हाच बुडाली. काकांच्या कपाटात सगळ्या रंगांचे शर्ट आहेत आणि प्रत्येकाच्या खिशावर वेगळ्या तोंडाचा ट्रक शिवलेला आहे. काका म्हणजे मावशीचे यजमान. ते ट्रक चालवतात. कंपन्या नव्या ड्रायव्हरला काही ना काही भेट देतात, आणि काका कायम नवे असायचे.

त्यांच्या धंद्यात त्यांना सगळे 'पाहुणे' म्हणतात. ते कुठे रुजू झाले की तिथले जुने ड्रायव्हर हसून विचारायचे, "पाहुण्यांचा मुक्काम किती दिवस?" काका त्यावर चिडायचे नाहीत. "बघू, पाहुणचार कसा होतो ते," म्हणायचे आणि आपली वळकटी केबिनमध्ये टाकायचे.

आता कुणाला वाटेल, माणूस कामचुकार असेल किंवा डोक्याने गरम. तसं काही नाही. काका गाडी अशी चालवतात की मागे काचेचं सामान असेल तर त्यालाही आपण गाव बदललं हे कळू नये. दारू नाही, भांडण नाही, गाडी कुठे घासलेली नाही. पगाराचंही त्यांनी कधी फार मनावर घेतलं नाही, तो सगळीकडे साधारण सारखाच. त्यांची नोकरी सोडण्याची कारणं वेगळीच असायची, आणि ती फक्त मावशीला माहीत असायची.

एका कंपनीने केबिनमध्ये बोलणारं यंत्र बसवलं. ड्रायव्हरने जांभई दिली की आतून एक बाई गोड आवाजात म्हणायची, "कृपया थांबून विश्रांती घ्या." काका सांगितल्या कामाचे. ते गाडी बाजूला घेऊन विश्रांती घ्यायचे. लगेच ऑफिसातून फोन यायचा, गाडी का थांबली? काका म्हणायचे, "तुमच्याच बाईंनी सांगितलं." ऑफिस म्हणायचं, चला, माल वेळेत पोचला पाहिजे. काका निघायचे, पुन्हा जांभई यायची, पुन्हा बाई बोलायची. असं बरेच दिवस चालल्यावर काकांनी मालकाला सांगितलं, "आधी तुमचं दोघांचं काय ते ठरू द्या, मग मला बोलवा," आणि वळकटी उचलली.

दुसऱ्या एका ठिकाणी संडासाची किल्ली हिशेबनीसाच्या खणात असायची आणि हिशेबनीस जेवायला घरी जायचा. तो जेवून झोपायचाही. काकांनी ती नोकरी कशी सोडली हे ते सांगत नाहीत, एवढंच म्हणतात की त्या दिवशी निर्णय तातडीने घ्यावा लागला.

तिसरीकडे ते चार दिवस रजेवर गेले आणि परत आले तर त्यांची गाडी दुसऱ्याला दिलेली. तीच परत मिळाली, पण सीट पुढे ओढलेली, आरसे फिरवलेले आणि केबिनमध्ये कुणाच्या तरी केसांच्या तेलाचा वास. "समजा तू रजेवरून घरी आलास," काका मला समजावत होते, "आणि तुझ्या उशीवर दुसऱ्याचं डोकं टेकून गेलेलं आहे. तू काय करशील?"

"अभ्रा धुवायला टाकीन," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे फार निराशेने पाहिलं.

काका बाहेर मितभाषी. यार्डात, गोदामात, रस्त्यावर कुणी काही बोललं तर ऐकून घेणार, मान हलवणार. पण घरी आले, हातपाय धुतले, खिडकीजवळच्या खुर्चीत टेकले की कंपनीचा उद्धार सुरू. मावशी समोर कपड्यांच्या घड्या घालत बसायची. "हो का?" म्हणायची. "मग?" म्हणायची. फार अन्याय झालेला असला तर हातातली घडी थांबवून "काय माणसं असतात," म्हणायची. एवढं झालं की काकांना भूक लागायची. मी त्यांच्या गल्लीतच राहतो, संध्याकाळी चहाला जातो, त्यामुळे मी हा कार्यक्रम शेकडो वेळा पाहिला आहे.

तर असे फिरत फिरत काका ज्या कंपनीत आले ती तशी बरी होती. थोरल्या मालकांनी नुकताच कारभार मुलाकडे दिला होता. मुलगा तरुण, मनाने चांगला, पण ड्रायव्हर सोडून जात म्हणून हैराण. आज एक लागला की उद्या दोन गेले. त्याने एक सल्लागार बोलावला. सल्लागाराने ऑफिसात 'आपण सारे एक कुटुंब' अशी पाटी लावायला सांगितली. पाटी लागली त्या आठवड्यात तिघे गेले. कुटुंबातून वेगळं व्हायची ती पद्धत असेल. मग सल्लागाराने 'महिन्याचा मानकरी' काढला. ज्या ड्रायव्हरचं काम उत्तम, त्याचा फोटो चौकटीत घालून भिंतीवर. पहिला मान काकांना मिळाला. फोटोत ते असे दिसत होते की खाली 'बेपत्ता' लिहिलं असतं तरी शोभलं असतं.

गाड्या कुठे, कधी, कोणी न्यायच्या हे बघणारा, म्हणजे डिस्पॅचवाला, तिथे एक जुना माणूस होता. त्याला सगळे 'पाचमिनिटे' म्हणायचे. नव्या ड्रायव्हरांना ते त्याचं आडनावच वाटायचं. गोदामात माल कधी उतरणार? पाच मिनिटांत. पुढची खेप कधी कळणार? पाच मिनिटांत. घरी कधी पोचेन? तू बस गाडीत, पाच मिनिटांत सांगतो. माणूस वाईट नव्हता. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलायचा, आणि दिवसभर बोलायचा.

माझ्या बहिणीचं लग्न होतं. काकांनी कितीतरी आधी सांगून ठेवलं होतं. पाचमिनिटे म्हणाला, "पाहुणे, काळजीच नको. आदल्या रात्री तुम्ही घरी." मग वाटेत एक छोटी खेप निघाली. मग त्या खेपेच्या शेजारीच आणखी एक. प्रत्येक वेळी पाच मिनिटांचं काम. काका लग्नाच्या हॉलपाशी थेट ट्रक घेऊन पोचले तेव्हा माणसं जेवून घरी गेली होती आणि कामगार खुर्च्या एकात एक घालत होते. लग्नाच्या फोटोंत काका एकाच ठिकाणी आहेत, खुर्च्यांच्या थप्पीशेजारी. ते त्या कामगारांचे मुकादम आहेत असं नवरदेवाकडच्यांना अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी किल्ली ठेवली.

तरुण मालक त्याच संध्याकाळी काकांच्या घरी आले. हातात ती फोटोची चौकट. ती कुणाकडे द्यावी हे न कळल्यामुळे त्यांनी ती मला दिली. मी ती मांडीवर घेऊन बसलो.

"काका, पगार कमी पडतो का?" मालकांनी विचारलं.

"नाही."

"गाडी त्रास देते?"

"गाडी उत्तम आहे."

"मग कुणी काही बोललं?"

"छे. कोण बोलणार."

"मग सोडता का?"

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काही नाही हो. असंच."

मालक रडकुंडीला आले. म्हणाले, "सगळे हेच म्हणतात. असंच. आतापर्यंत जेवढे गेले तेवढे सगळे असंच गेले."

मावशी तेव्हा एका दातांच्या डॉक्टरकडे बाहेरच्या टेबलावर बसायची. रोग्यांना नंबर द्यायचे, फोन घ्यायचे, आतून किंकाळी आली तर बाहेरच्यांना रेडिओचा आवाज वाढवून द्यायचा, असं काम. ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मी सांगू का?"

काका म्हणाले, "तू कशाला मध्ये."

"तुम्ही तोंड उघडणार नाही म्हणून," मावशी म्हणाली आणि येऊन बसली. "मालक, आमच्याकडे लोक ठणकणारी दाढ घेऊन येतात. त्यांना मी सांगितलं की दीड तास लागेल, तर तोंड वाकडं करतात, पण बाहेर जाऊन चक्कर मारून येतात. पाच मिनिटं सांगितलं, तर थोड्या वेळाने टेबलच बडवायला लागतात. हे लग्नाला पोचले नाहीत याचं यांना वाईट वाटलंच. पण 'जमणार नाही' असं आधी कुणी सांगितलं असतं, तर यांनी घरी कळवलं असतं, नाहीतर दुसऱ्याला विनवलं असतं. तुमच्या माणसाने यांना शेवटपर्यंत नवरदेवासारखं खूश ठेवलं आणि खुर्च्या मोजायला पोचवलं."

मालकांनी माझ्या मांडीवरच्या चौकटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मावशी, तुम्ही आमच्याकडे याल का? पाचमिनिट्यांच्या जागी?"

काका मोठ्याने हसले. मावशी हसली नाही. तिने विचारलं, "दुपारच्या जेवणाला वेळ देता का? डॉक्टर देत नाहीत."

अशी मावशी वाहतूक कंपनीत लागली. काकाही परत गेले, कारण मालकांनी दोघांना मिळूनच बोलावलं होतं. पाचमिनिट्याला टायरच्या कोठारात नेमलं. टायरना घरी जायची घाई नसते, त्यामुळे तो तिथे सुखी आहे.

सुरुवातीला मावशीनेही गोंधळ घातले. एकदा आईस्क्रीमची गाडी सिमेंटच्या सात गाड्यांमागे रांगेत उभी केली आणि त्या दिवशी सिमेंटच्या ड्रायव्हरांची फार चंगळ झाली. पण एक गोष्ट तिने पहिल्या दिवसापासून केली. पहिलाच फोन एका जाड्या ड्रायव्हरचा होता. त्याने सवयीने विचारलं, "उद्या घरी पोचेन ना?"

"नाही," मावशी म्हणाली. "परवा संध्याकाळी. तेही गोदाम वेळेत उघडलं तर. घरी आत्ताच कळवून टाका."

मग जाड्या हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही इथे नव्या आहात का?"

हळूहळू ड्रायव्हरांना सवय झाली. मावशी त्यांच्या वतीने गोदामवाल्यांशीही बोलायची. "आमचा माणूस सकाळपासून तुमच्या दारात उभा आहे. त्याला आत घ्या, नाहीतर जेवून यायला सांगा. दोन्ही करत नसाल तर मी येते आणि तुमच्या खुर्चीत बसते." गोदामवाल्यांनी तिला पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते तिला फार उंच समजायचे. लोक सोडून जायचे थांबले. मालकांनी सल्लागाराची पाटी उतरवली आणि तिथे संडासाची किल्ली लावायला खिळा ठोकला. मावशीचाच हट्ट होता तो.

सगळे खूश. एक काका सोडून.

काकांची एक सवय होती. हमरस्त्यावर एका चहावाल्याकडे ते थांबायचे. तो त्यांचा जुना दोस्त. दोघे बुद्धिबळाचे दोन डाव टाकायचे. ऑफिसला सांगायचे, टायरमध्ये हवा कमी होती. इतकी वर्षं इतक्या कंपन्यांनी ती हवा मुकाट्याने मान्य केली होती. आता फोनवर मावशी.

"अहो, गाडी का थांबली?"

"टायरमध्ये हवा कमी वाटली, म्हणून..."

"चहावाल्याकडे बसलात."

"कोण म्हणालं?"

"तुमच्या तोंडात बिस्किट आहे. ते आधी गिळा, मग हवेचं सांगा."

आणि हे सगळं ऑफिसात स्पीकरवर. तिथे बसलेले चार ड्रायव्हर पोट धरून हसायचे. पण काकांचं खरं दुखणं ते नव्हतं. ते आम्हा सगळ्यांच्या लक्षात उशिरा आलं.

संध्याकाळी काका घरी यायचे, हातपाय धुवून खुर्चीत बसायचे आणि सुरुवात करायचे, "आज त्या कापडाच्या गोदामात अर्धा दिवस..."

"अर्धा नाही हो," मावशी घडी घालता घालता म्हणायची. "दोन तास. मीच फोन लावत होते ना."

"तेच म्हणतो. ऑफिसने आधी कळवायला नको?"

"कळवलं होतं. तुम्ही उचलला नाहीत."

की संपलं. मावशीला काही वावगं वाटत नव्हतं. ती बिचारी खरं तेच सांगत होती. काका मात्र दिवसेंदिवस उतरत चालले. जेवण कमी झालं. आणि ते वारंवार केस कापायला जायला लागले. मला आधी कळेना. एका माणसाचे केस वाढून वाढून किती वाढणार? शेवटी डोकं इतकं बारीक झालं की न्हाव्यानेच मला रस्त्यात गाठलं आणि म्हणाला, "तुमच्या काकांना सांगा, नुसतं येऊन बसलं तरी चालेल. मी ऐकतो. पण आता कापायला काही उरलेलं नाही."

थोड्याच दिवसांत काकांनी नोकरी सोडली. रीतसर, ऑफिसला फोन करून.

"मी काम सोडतोय," ते म्हणाले.

पलीकडे मावशीच होती. तिने वहीत नोंद केली. मग म्हणाली, "बरं. गाडी तिच्या जागेवर लावा, किल्ली खिळ्याला अडकवा. आणि घरी येताना दूध आणा."

घरी आल्यावर तिने एकदाच विचारलं, का? काका म्हणाले, "असंच." मावशीने पुढे विचारलं नाही, पण तिला ते लागलं. मला म्हणाली, "बायकोच्या हाताखाली काम करायची लाज वाटते, दुसरं काय. स्पष्ट सांगावं ना."

काका रस्त्यापलीकडच्या कंपनीत लागले. अगदी समोरासमोर फाटकं. सकाळी दोघे एकाच स्कूटरवरून यायचे, मावशी अलीकडे उतरायची, काका स्कूटर पलीकडे न्यायचे. मालकांनी मावशीला विचारलं, "काका का हो गेले?"

"मला काय माहीत," मावशी म्हणाली. "मी त्यांची बायको. मला कोण सांगतंय."

समोरची कंपनी भयंकर होती. गाड्या जुन्या, ताडपत्र्या फाटक्या, मालक फोनवर बोलताना जेवत असायचा, त्यामुळे कुठे जायचं ते कळायचं नाही. काका पहिल्या संध्याकाळी घरी आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी अशी काही सुरुवात केली की माझा चहा गार झाला. मावशी म्हणाली, "हो का? मग?" काका बोलत राहिले. त्या रात्री ते दोनदा वाढून घेऊन जेवले. महिन्याभरात केस वाढले, गाल वर आले. इतकी वाईट कंपनी त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती आणि ते अतिशय आनंदात होते.

पण मावशी आता नुसती बायको राहिली नव्हती. काका म्हणायचे, "आमच्याकडचा तो लांब मिशीवाला, सोन्यासारखा माणूस, पण त्याला मुलीच्या शाळेत जायला सुट्टी दिली नाही." मावशी म्हणायची, "काय माणसं असतात." आणि दोनच दिवसांत मिशीवाला रस्ता ओलांडून मावशीच्या टेबलासमोर बसलेला असायचा. मग काका सांगायचे की बर्फाची गाडी चालवणाऱ्याला पाठीचं दुखणं आहे आणि सीट दुरुस्त करून देत नाहीत. पुढच्या आठवड्यात बर्फवालाही अलीकडे. नव्या सीटवर.

काकांच्या लक्षात आलं तेव्हा समोरच्या कंपनीत ते, एक कायम आजारी असणारा ड्रायव्हर आणि पुष्कळ गाड्या एवढंच उरलं होतं.

"मी घरी बोलतो त्यावरून तू आमची माणसं ओढतेस?" त्यांनी विचारलं.

"ओढत नाही. त्यांना फोन करून विचारते, कसं चाललंय. इतके दिवस कुणी विचारलं नव्हतं, म्हणून येतात."

"मला नाही केलास कधी असा फोन."

"तुमचं कसं चाललंय ते रोज ऐकते की."

आणि माणसं नसल्यामुळे सगळ्यांच्या खेपा आता त्यांच्याच गळ्यात पडल्या. घरी येणंच होईना. खुर्ची रिकामी. मावशी घड्या घालायची आणि मी चहा प्यायचो, पण दोघांनाही मजा येत नव्हती. एकदा ती म्हणाली, "कंपनीबद्दल काहीतरी वाईट बोल की रे." माझी नोकरी पोस्टात. मी प्रयत्न केला, पण शिक्क्यांबद्दल किती बोलणार.

अखेर काका एका सकाळी रस्ता ओलांडून आले. ऑफिसात मावशी होती, मालक होते. काका दारात उभे राहून म्हणाले, "जागा आहे का?"

मावशीने तिथे एक नियम केला होता. येणाऱ्या प्रत्येकाला मालकांसमोर विचारायचं, आधीची नोकरी का सोडली, आणि त्याच्या आधीची का. उत्तर खरं दिलं तरच घ्यायचं. 'असंच' चालत नाही.

"बसा," ती म्हणाली.

काका बसले. मालक उठायला लागले. "मालक, तुम्हीही बसा," मावशी म्हणाली. "नियम आहे." मालक बसले.

"आधीची नोकरी का सोडली?"

"तिथे माणसं उरली नाहीत. सगळी इकडे आली."

मालकांना ठसका लागला. मावशीने त्यांच्याकडे पाण्याचा पेला सरकवला.

"त्याच्या आधीची?"

"त्याच्या आधीची हीच होती."

"हो. ती का सोडली?"

काकांनी मालकांकडे पाहिलं, मग पंख्याकडे, मग टेबलाकडे. "कंपनी चांगली होती," ते म्हणाले. "पगार वेळेवर, गाडी चांगली, सुट्टी सांगितल्या दिवशी. बोलायला जागा नव्हती. तेच झालं. बोलायला जागाच नव्हती."

"म्हणजे?"

"म्हणजे, दिवसभर मी गाडीत एकटा. संध्याकाळी घरी गेल्यावर कुणाला तरी सांगायचं असतं की आज माझ्यावर अन्याय झाला. झालेला नसला तरी. समोरच्याने नुसतं 'हो का' म्हणायचं असतं. मी घरी जायचो तर ऑफिसच घड्या घालत बसलेलं. वेळ चुकीची सांगितली की सुधारून द्यायचं. तू खोटं काहीच बोलत नव्हतीस. पण मला तिथे डिस्पॅचवाली नको होती. बायको पाहिजे होती."

मालक पेल्यात बघत होते.

मावशी म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माझ्या हाताखाली काम करायची लाज वाटते."

"लाज कसली. तुझ्या हाताखाली तर मी लग्न झाल्यापासून आहे." मग म्हणाले, "ते बिस्किटाचं तेवढं स्पीकरवर नको."

मावशीने मान खाली घातली आणि टेबलावरची पेन्सिल उगाच सरळ करून ठेवली. तिला हसू येत होतं की दुसरं काही, हे मालकांना सांगता आलं नाही. मालकांनीच हे सगळं मला नंतर सांगितलं, आणि सांगताना त्यांनाही दोनदा थांबावं लागलं. शेवटी ती म्हणाली, "फाटकाच्या आत मी डिस्पॅचवाली. फाटकाबाहेर मला कंपनीतलं काही माहीत नाही. चालेल?"

"जमेल तुला?"

"पहिले काही दिवस चुकेन. सांभाळून घ्या."

काका पुन्हा रुजू झाले. मालक नव्या माणसाची भेट द्यायला गेले तेव्हा काका म्हणाले, शर्ट आहे माझ्याकडे.

पहिल्या संध्याकाळी मीही त्यांच्या घरी होतो. काका खुर्चीत टेकले. मावशी समोर चादरीची दोन टोकं जुळवत होती. मग काका सावधपणे म्हणाले, "आमच्या ऑफिसात एक बाई आहे."

मावशीचे हात थांबले. "कोण बाई?"

"आहे एक. फार कडक. उद्याचा रविवार, मी म्हटलं घरी राहतो, तर म्हणे टोमॅटो न्यायचेत. टोमॅटो काय, सोमवारी नेले तर रुसणार आहेत?"

टोमॅटो का थांबू शकत नाहीत हे मावशीला पक्कं माहीत होतं. ते तिच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. तिने चादर घट्ट धरली आणि म्हणाली, "हो का?"

"मग काय तर."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"घ्यावं लागतं. नोकरी आहे."

"मालकांकडे तक्रार करा तिची," मावशी म्हणाली. आता तिला रंग चढला होता. "अशा बायकांना कुणीतरी सांगायला पाहिजे."

काकांनी हे मनावर घेतलं. त्यांनी तिथूनच मालकांना फोन लावला आणि रीतसर तक्रार नोंदवली. मालकही पेचात पडले असतील, पण नियमाचे पक्के. पाच मिनिटांनी मावशीचा फोन वाजला. ती उठून बाहेर घराच्या फाटकापर्यंत गेली, तिथे उभी राहून बराच वेळ "हो मालक, चुकलं मालक," म्हणाली आणि आत आली. काकांनी विचारलं, कुणाचा फोन? ती म्हणाली, ऑफिसचा होता, तुम्हाला उद्या सुट्टी आहे.

रविवारी काका दिवसभर घरी लोळत होते. मावशी सकाळीच डबा घेऊन ऑफिसात गेली होती, कारण टोमॅटो न्यायला काकांच्या जागी दुसरा माणूस तिलाच शोधायचा होता.